राहूच्या कप्प्याची भिंत

१

राहूचा कप्पा उघडत नव्हता.

प्विंफ्यूने फोनवर एवढंच सांगितलं आणि रडायला लागली. मी तेव्हा पगोड्यावर माझ्या जन्मवाराच्या, म्हणजे सोमवारच्या कोपऱ्यात, वाघाच्या मूर्तीसमोर उभी राहून पाणी घालत होते. वयाइतके पेले आणि वर एक, हा आमच्याकडचा नेम. तिच्या रडण्याने माझी मोजणी चुकली. मोजणी चुकली की मी दिवसभर चिडचिडी असते, आणि त्यात पान सोडून जेमतेम आठवडा झालेला. तोंडात लवंग टाकली आणि टॅक्सी पकडली.

माझं नाव चो झिन. यांगोनमध्ये बिघडलेल्या संगणकांतून लोकांच्या हरवलेल्या गोष्टी काढून द्यायचा माझा धंदा आहे. लोक येतात तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं, आणि बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतोच, घरातल्याच कुणाचा तरी असतो. त्यामुळे मशीन उघडायच्या आधी माणसं उघडून बघायची मला खोड लागली आहे.

प्विंफ्यू ज्या रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करते, तिथे साठवणीचं एक मोठं मशीन आहे. त्याचे आठ भाग पाडलेत. संगणकवाले त्यांना व्हॉल्यूम म्हणतात, स्टुडिओत सगळे कप्पेच म्हणतात. ज्या वारी रेकॉर्डिंग, त्या वाराच्या कप्प्यात ते जायचं. वार आठ, कारण आमचा बुधवार दुपारी बाराला मोडतो. सकाळचा बुधवार सुळेवाल्या हत्तीचा, दुपारनंतरचा बिनसुळ्याच्या हत्तीचा, म्हणजे राहूचा.

राहूच्या कप्प्यात एकाच माणसाचं गाणं होतं. सयाजी, म्हणजे थोरले गुरुजी, ऊ येखाउंग. ऊ म्हणजे आमच्याकडचं श्री, बाईमाणसाला दॉ. जन्म बुधवारी दुपारचा, म्हणून गाणार तेही बुधवारी दुपारीच. वर्षानुवर्षं त्यांनी जुनी दरबारी गाणी तिथे गाऊन ठेवली होती. त्यांतली कितीतरी दुसऱ्या कुणालाच येत नाहीत. आणि परवा, गुरुवारी सकाळी, गळ्याच्या कॅन्सरपायी डॉक्टरांनी त्यांची स्वरपेटी काढून टाकली होती.

आता त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि ते ठिकाण उघडत नव्हतं.

२

स्टुडिओचे मालक ऊ लिन टाइक दारातच भेटले. सयाजींचे शिष्य. शिष्य म्हणून गळा साधला नाही, म्हणून स्टुडिओ काढला असं ते स्वतःच सांगतात.

"चो झिन, काल संध्याकाळी लाइट गेली. आली तेव्हा सात कप्पे उघडले, हा नाही. सयाजी शुद्धीवर आलेत. त्यांना त्यांचं गाणं ऐकवायचं कबूल करून बसलोय मी! काय तोंड दाखवू?"

"आधी मला मशीन दाखवा."

मशीनच्या खोलीत प्विंफ्यू खुर्चीच्या कडेवर बसली होती. डोळे सुजलेले. तिने पडदा माझ्याकडे वळवला.

एका नजरेत कळलं. या कप्प्यांच्या भिंती विटांच्या नसतात, हुकूम दिला की सरकतात. कप्पा मोठा करायचा तर आधी भिंत पुढे न्यायची, मग आतलं सामान पसरायचं. लहान करायचा तर बरोबर उलटं. आधी सामान आवरून आतल्या बाजूला घ्यायचं आणि मगच भिंत आत आणायची. इथे कुणीतरी सामान न आवरताच भिंत आत ओढली होती. भिंतीपलीकडे राहिलेली गाणी कापली गेली होती, आणि आपलंच सामान जागेत मावत नाही म्हटल्यावर कप्पा उघडायला तयार नव्हता.

"कधी झालं हे?" मालकांनी विचारलं.

"गुरुवारी सकाळी. चालू मशीनला पत्ता लागला नाही, लाइट गेल्यावर लागला. बहात्तर जीबी कापलेत."

"कुणी?"

"ते मशीन सांगणार नाही. तुम्ही सगळे एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने आत जाता."

मालकांनी नजर चुकवली. हे मी त्यांना दोनदा बजावलं होतं.

"गाणी आहेत का गेली?"

"अजून आहेत. भिंत सरकली म्हणून सामान जळत नाही. पण ती जागा शनिवारच्या, नागाच्या कप्प्याला जोडून दिलीय. आज शनिवार. तिथे नवीन काही पसरलं, की त्याच्याखाली गाणी कायमची गाडली जातील. सगळी रेकॉर्डिंग थांबवा. आत्ताच्या आत्ता."

मालक धावत बाहेर गेले. जाताना प्विंफ्यूकडे बघून म्हणाले, "भिंती सरकवणं हे हिचं काम. दुसऱ्या कुणाचं नाव सापडलं नाही, तर मी पोलिसांत जाणार. सयाजींच्या बाबतीत मला दयामाया नाही."

"अमा," म्हणजे ताई, असं ती मला म्हणते, "अमा, "आईशप्पथ, मी नाही केलं."

"माहीत आहे. तू केलं असतंस तर नीट केलं असतंस. रडू नकोस आता, मला अजून चिडायला होतं."

३

प्विंफ्यूला धरून माणसं तीन होती, म्हणजे तेव्हा मला तीनच वाटली.

पहिला सिंगापूरचा डेस्मंड क्वेक. साठवण नव्या पद्धतीची करून द्यायला मालकांनी त्याला बोलावलं होतं. जुनी सुरक्षित प्रत त्याने पुसून टाकली होती, नवी सोमवारपासून घ्यायची होती. म्हणजे मशीन उघडं पडायचा मुहूर्त त्यानेच काढला होता.

"सात दिवसांना आठ कप्पे कशाला, असं म्हणाला होतात ना तुम्ही?"

"म्हणालो होतो. अजूनही म्हणतो." त्याला घाम फुटला होता, पण तो दबला नाही. "मला आठवा कप्पा नको असता तर मी लेखी विचारून सगळाच काढला असता. बहात्तर कापून काय करू? आणि सामान न आवरता भिंत ओढणं… बाई, हे करू नये एवढं माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांनासुद्धा कळतं."

नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं बोलत होता, पण मुद्दा बरोबर होता.

दुसरा ध्वनिमुद्रक को झेया. त्याचा सोमवारचा कप्पा जाहिरातींनी गच्च भरलेला. राहूची जागा मागून मागून तो थकला होता.

"हो, मागत होतो. मेलेल्या गाण्यांना… बरं, जुन्या गाण्यांना एवढी जागा, आणि ज्याच्यावर सगळ्यांचं पोट चालतं त्या जाहिराती दाटीवाटीत. बोललो ते बोललो. पण कापली असती तर सोमवारला दिली असती ना? शनिवारला देऊन मला काय मिळणार? आज तर तुम्ही माझं गिऱ्हाईकसुद्धा पळवलंत."

"भिंत सरकवता येते तुला?"

"पुढे सरकवता येते. प्विंफ्यूने सगळ्यांना शिकवलंय. मालकांना, मला, हान यी मावशींना. जागा संपली की आपणच वाढवायची, फोनवरूनसुद्धा होतं. मागे कशी घेतात ते कुणाला माहीत? इथे कधी काही लहान झालंय का?"

मी खोलीत येरझारा घालत राहिले. पान असतं तर बसले असते. काहीतरी खुपत होतं. नागाच्या कप्प्याची भिंत पुढे गेली होती, पण त्या वाढलेल्या जागेत सामान पसरलंच नव्हतं. कुणीतरी जागा चोरली, दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवली, आणि वापरली नाही. असा चोर मी अजून पाहिला नव्हता.

ते कोडं मी बाजूला ठेवलं आणि काम केलं. भिंत आधी कुठे होती हे मशीनच्या आठवणीत असतं. नागाकडची जागा काढली, राहूची भिंत जिथल्या तिथे नेली, कप्पा तपासला.

उघडला.

प्विंफ्यू माझ्या गळ्यातच पडली.

४

मधल्या खोलीत सगळे टेबलाभोवती जमले. दॉ हान यी इस्पितळातून आल्या होत्या. सयाजींची बायको, आणि स्टुडिओची तारखा-वेळा अनेक वर्षं त्याच सांभाळतात. नवरा आजारी असतानाही मोहिंग्याचा डबा भरून आणला होता. माशाच्या रश्शाचा वास सुटला आणि मला एकदम सकाळपासून उपाशी असल्याची आठवण झाली.

"खा गं पोरी," त्या मला म्हणाल्या. "किती वाळलीस. तुझा चेहरा बघून मशीनसुद्धा घाबरत असेल."

"सयाजी कसे आहेत?"

"एकाहत्तर वर्षांच्या माणसाचा गळा चिरला, आणि काल उठून बसला! डॉक्टर म्हणतो, आश्चर्य आहे. म्हटलं, तुझं आश्चर्य तुझ्यापाशी ठेव. जे करायला हवं होतं ते आम्ही केलं होतं."

"आणि गाणीसुद्धा परत आली, मावशी!" झेया ओरडला. "चो झिनताईंनी भिंत होती तिथे नेली."

दॉ हान यींचा चमचा वाडग्यात थांबला. "होती तिथे? सगळीच्या सगळी?"

"सगळी," मी म्हणाले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि फोन हातात घेतला. "नर्सला जरा विचारते, ताप बघितला का."

प्विंफ्यूने मशीनच्या खोलीतून गाणं सुरू केलं. भिंतीवरच्या स्पीकरमधून आधी सौंगच्या, म्हणजे आमच्या कमानी वीणेच्या तारा, मग सयाजींचा तो थोडा खरखरीत, थोडा हट्टी आवाज. ऊ लिन टाइक हुंदके द्यायला लागले. डेस्मंडनेही चष्मा काढला. त्याला एक शब्द कळत नव्हता.

सयाजी वरच्या सुराकडे चढत होते. पहिली पायरी, दुसरी…

आवाज तुटला.

मी मशीनच्या खोलीत पोचले तेव्हा प्विंफ्यू दोन्ही हात वर करून उभी होती, जणू मी बंदूक घेऊन आले होते. "मी हातसुद्धा लावला नाही, अमा!"

राहूची भिंत पुन्हा आत आली होती. पुन्हा बहात्तर. जागा पुन्हा नागाला.

मागून मालकांचा आवाज आला. थंड होता तो. "आम्ही सगळे टेबलाशी होतो. या खोलीत ती एकटी होती. आता अजून काय पुरावा हवा?"

त्यांनी पोलिसांना लावायला फोन बाहेर काढला.

५

"थांबा!" मी नेटची तार उपटली. "आता बाहेरून कुणी आत येणार नाही. गाणी तिथेच आहेत, मी परत आणीन. पण आधी बसा सगळे. मला एका दमात बोलायचंय, नाहीतर मी पान खायला जाईन."

सगळे टेबलाशी येऊन बसले, प्विंफ्यू तेवढी दारातच थांबली. मी उभीच राहिले.

"पहिल्यांदा भिंत सरकली तेव्हा मला चूक वाटली. चूक दोनदा, तीही त्याच मापाने होत नाही. म्हणजे कुणीतरी हे ठरवून करतंय. पण ज्याला गाणी मारायची आहेत तो भिंत कशाला सरकवेल? एका हुकमात सगळं पुसता येतं. म्हणजे त्या माणसाचं गाण्यांशी वैर नाही. त्याला कप्पा लहान व्हायला हवाय. एवढंच."

"जागेसाठी," मालक म्हणाले.

"जागा वापरलीच नाही त्याने! नुसती देऊन टाकली. आणि कुणाला? शनिवारला. झेयाने सोमवारला दिली असती. डेस्मंडला शनिवार काय आणि मंगळवार काय. पण आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं, राहूचा मित्र कोण."

झेयाच्या तोंडून निघून गेलं, "शनी."

"आणि माप. डेस्मंडसारखा माणूस शंभर कापेल. प्विंफ्यू चौसष्ट कापेल, मशीनवाल्यांना तसले आकडे आवडतात. बहात्तर कोण कापतं? मी आज सकाळी पगोड्यावर पेले मोजत होते. वयाइतके आणि वर एक. इथे एकाहत्तर वर्षांचं कोण आहे?"

मोहिंगा गार होत होता.

"गुरुवारी सकाळी शस्त्रक्रिया होती. कुणीतरी ज्योतिषाकडे गेलं. तो म्हणाला असणार, यंदा यांचा राहू जड आहे, राहूकडचं थोडं काढून त्याच्या मित्राकडे ठेवा, म्हणजे गंडांतर टळेल. कुणी पक्षी सोडतं, कुणी मासे सोडतं. या बाईंच्या हातात भिंत होती. आणि भिंत फक्त पुढेच न्यायला शिकवलेली, म्हणून सामान आवरायचं त्यांना ठाऊकच नव्हतं."

मी दॉ हान यींकडे बघितलं. "नर्सने काय सांगितलं, मावशी? ताप किती आहे?"

फोन त्यांच्या मांडीवर पालथा पडलेला होता. त्यांनी तो उचलला नाही.

६

"मला काय माहीत गाणी कापली जातील?" त्या म्हणाल्या. आवाज अजिबात कापत नव्हता, उलट चढला होता. "काल कळलं. रात्रभर तळमळले. त्यांचीच गाणी, माझ्या हातांनी! पण तोवर ते उठून बसले होते ना! भिंत सरकली आणि माणूस वाचला. आणि आज ही पोरगी येते आणि ती भिंत परत ढकलते. म्हणजे त्यांना परत ढकलते! मी बघत बसू? गाणी काय करायचीत मला? माणूस राहू दे माझा."

"आणि प्विंफ्यू?" मी म्हणाले. "तिला पोलीस घेऊन गेले असते, मावशी."

दारात उभ्या असलेल्या प्विंफ्यूकडे त्यांनी वर बघितलं आणि चेहऱ्यावरचं सगळं अवसान गळून पडलं. "गेले असते तर मी बोलले असते," त्या हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाही. खोटं कशाला सांगू. बोलले असते की नाही, मला नाही माहीत."

प्विंफ्यू तशीच उभी राहिली. माफ केलं असंही म्हणाली नाही, आणि मला ते आवडलं.

"ज्योतिषाचं एवढं काय मनावर घ्यायचं?" डेस्मंड मला बारीक आवाजात म्हणाला.

"तुम्ही जरा गप्प बसा," मी म्हणाले. सकाळी चुकलेला पेला माझ्या डोक्यातून अजून गेला नव्हता. ज्या गोष्टीवर एखादीचा अख्खा जीव टांगलाय, ती मी हसून तोडू शकत नव्हते. आणि ती भिंत तशीच ठेवू शकत नव्हते. मालक माझ्याकडे बघत होते, मावशी माझ्याकडे बघत होत्या, आणि मी लवंग चावून चावून तिचा चोथा केला होता.

मग माझं मलाच हसू आलं. इतका वेळ मी येरझारा घालत होते आणि उत्तर माझ्या धंद्यातलंच होतं.

"मावशी, ज्योतिषाने काय लहान करायला सांगितलं? राहूचा कप्पा ना? गाणी लहान करायला तर नाही सांगितलं?"

"नाही."

"मग गाणी दुसरीकडे राहायला गेली तर? मी भिंत पुढे नेते, फक्त गाणी बाहेर काढण्यापुरती. ती निघाली की भिंत परत आत घ्यायची. या वेळी नीट, आधी सामान आवरून. बहात्तरच. तुमच्याच हाताने."

त्यांनी मांडीवरचा फोन टेबलावर ठेवला. "तेवढ्यात त्यांना काही झालं तर?"

"त्यांच्याजवळ बसून करू. ते हो म्हणाले तरच."

७

इस्पितळात सयाजी उशीला टेकून बसले होते. गळ्याला पट्टी, नळी. दॉ हान यींनी त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. प्विंफ्यूचंही. सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. सयाजींनी आधी प्विंफ्यूला जवळ बोलावलं आणि तिच्यापुढे दोन्ही हात जोडले. थोरल्या गुरुजींनी पोरीपुढे हात जोडायचे म्हणजे काय, हे आमच्यातल्या माणसालाच कळेल. ती गोंधळून गुडघ्यांवरच बसली.

मग मी विचारलं, "सयाजी, गाणी हलवू ना?"

त्यांनी मान डोलावली.

"कुठल्या कप्प्यात ठेवू? नागाकडे नको, तिथे आज रेकॉर्डिंग आहे म्हणतो झेया. सुळेवाल्या हत्तीत जागा आहे."

सयाजींनी बोट उचललं. आधी मला वाटलं पाणी मागताहेत. पण ते बोट वळत वळत बायकोच्या छातीशी येऊन थांबलं.

दॉ हान यींचा जन्म शुक्रवारचा.

"माझ्यात?" त्या दचकल्या. "अहो, शुक्रवारच्या कप्प्यात दुधाच्या पावडरीच्या जाहिराती आहेत!"

सयाजी हसले. आवाज आला नाही, फक्त खांदे हलले. बोट होतं तिथेच राहिलं.

तिकडे स्टुडिओत झेयाने नेटची तार पुन्हा जोडली. मी फोनवरून भिंत पुढे नेली. त्या सबंध वेळात दॉ हान यी नवऱ्याच्या गळ्यातल्या नळीशी तळवा धरून बसल्या होत्या, श्वास लागतोय ना ते बघत. मला घाई करता येत नव्हती आणि सावकाशही जाता येत नव्हतं. एकेक गाणं शुक्रवारात गेलं. तळव्याला श्वास लागत राहिला.

मग फोन त्यांच्या हातात दिला. प्विंफ्यू त्यांच्या शेजारी, पण थोडी लांबच बसली. "आधी सामान आवरा," ती म्हणाली. "हं. झालं म्हणाला? आता भिंत."

"आता?"

"आता."

त्यांनी बटण दाबलं. राहूचा कप्पा लहान झाला, आणि कुणाचं काही कापलं गेलं नाही.

आमच्याबरोबर आलेल्या ऊ लिन टाइकनी फोनवर मघाचंच गाणं लावलं. सौंगच्या तारा वाजल्या. सयाजींनी दोन बोटांनी पलंगाच्या कडेवर ताल धरला, गाताना हातातले टाळ वाजवायचे तसाच. आवाज वरच्या सुराकडे चढायला लागला. पहिली पायरी, दुसरी. जिथे तो तुटला होता ती जागा जवळ आली तशी दॉ हान यींनी डोळे मिटले आणि त्यांचं मनगट घट्ट धरलं.

सूर आला, आणि गाणं पुढे गेलं.